थंडीत आवाज हळू चालतो

मेहरूणच्या तळ्यावर परत धुकं यायला लागलं आहे. सकाळी गॅलरीत चहाचा कप घेऊन उभी राहिले की पलीकडचा काठ दिसत नाही. फिरायला आलेल्या माणसांचं बोलणं तेवढं ऐकू येतं, तेही जरा उशिरा आल्यासारखं, ओलं होऊन आल्यासारखं. मग ऊन चढतं, धुकं विरतं, आणि बोलणारी माणसं केव्हाच पुढे निघून गेलेली असतात.

ओजस, गेल्या आठवड्यात तुझा फोन आला तो अशाच एका सकाळी. तुमच्या न्यूझीलंडमध्ये तेव्हा उन्हाळा. तू मेंढ्यांच्या त्या मोठ्या शेतावर काम करतोस, तिथे सशांनी कुरणं पोखरली आहेत, आणि मालकाने तुझ्यावर बंदोबस्ताचं काम सोपवलं आहे. रायफलच्या तोंडाशी बसवायचा लांबट डबा तू मला कॅमेऱ्यात दाखवलास, बासरीच्या पेटीएवढा. तिकडे तो दुकानात मिळतो, शेजाऱ्यांची झोप मोडू नये आणि स्वतःचे कान जाऊ नयेत म्हणून लोक तो मुद्दाम लावतात, हे तू सांगितलंस. आता तुला हळू जाणाऱ्या जड गोळ्या निवडायच्या आहेत आणि त्यातल्या कोणत्या घ्याव्यात ते ठरत नाही. "आजी, आबांना विचार ना," असं म्हणालास, आणि फोन ठेवता ठेवता तुला राहवलं नाही म्हणून हेही विचारलंस, की आबांनी नेमबाजी सोडली तरी कशाने.

ते तुम्हा दोघांना कधी सांगितलं नाही. तुला नाही आणि तुझ्या बहिणीला, सईलाही नाही. सांगण्यासारखं फार काही घडलंही नव्हतं. एक हिवाळा होता, इतकंच.

तो हिवाळा आठवला की मला आधी वास येतो. माळावरच्या सुकलेल्या गवताचा, थर्मासमधल्या आल्याच्या चहाचा, आणि रायफल पुसायच्या तेलाचा. धुळ्याच्या पलीकडे उघड्या माळावर क्लबची रेंज आहे. एका बाजूला टेकडी, टेकडीच्या पोटाशी मातीचा उंच बंधारा, बंधाऱ्यापुढे लाकडी चौकटींत लावलेले कागद. अलीकडे सतरंज्या अंथरून पालथं पडायचं आणि नेम धरायचा. रविवारी पहाटे आम्ही जळगावहून निघायचो. एरंडोल, पारोळा मागे पडेपर्यंत आबा बोलायचे नाहीत. नेमाच्या दिवशी बोललं की श्वास विस्कटतो असं ते म्हणत. मी काचेतून हरभऱ्याची शेतं बघत बसायची. दोन्ही बाजूंना दव आणि दवावर तिरपं ऊन. माझं तिथे काही काम नसायचं. मी पुस्तक आणि लोकरीचं विणकाम घेऊन जायची आणि दोन्हींपैकी एकालाही हात न लावता परत यायची.

रायफल आबांच्या वडिलांची. लहान बोअरची, लांब नळीची, दस्त्यावर गालाचा घासून घासून झालेला गुळगुळीत ठसा. तिच्या नळीतून आबांनी कागदाखेरीज कशालाही भोक पाडलं नाही. तरुणपणी क्लबातल्या या सगळ्या मंडळींनी कानात काय घातलं असेल तर कापूस. शिंदखेड्याकडचे शेतकरीच बहुतेक, प्रत्येकाच्या घरी कापूस. वेचणीच्या ढिगातला एक पुंजका उचलायचा, थुंकी लावून गोल करायचा आणि कानात बसवायचा. आमचे नाना, म्हणजे आबांचे शाळेपासूनचे मित्र, तर अभिमानाने सांगायचे की कोणाच्या शेतातला कापूस कानात चांगला बसतो. त्या मऊ पांढऱ्या बोळ्यातून धडाक्याचा किती भाग आत जात होता, हे कोणी मोजलं नाही. कापसाने इतकं काही दिलं होतं की तो कानही राखील अशी सगळ्यांची खात्री होती.

आबांचे कान गेले असं तेव्हा कोणी म्हणालं असतं तर मी हसले असते. माझं बोलणं त्यांना समजायचं, दूधवाल्याशी ते वाद घालायचे, बातम्या बघायचे. फक्त तुमचा फोन आला की चमत्कारिक वागायचे. स्क्रीनकडे बघून छान हसायचे, दोनदा मान हलवायचे आणि "घ्या, आजीशी बोला" म्हणून फोन माझ्या हातात द्यायचे. सई, तू तेव्हा नवीन शाळेत रुळत होतीस. एकदा तू मला हळूच विचारलंस, "आजी, आबा माझ्यावर रागावलेत का?"

मी तुला काहीतरी सांगितलं. त्यांना दमल्यासारखं झालंय, असं काहीसं. आणि दुसऱ्याच दिवशी त्यांना कानाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले.

डॉक्टर तरुण होते, नीट बोलणारे. त्यांनी काचेच्या खोलीत बसवून तपासणी केली, कागदावर उतरत जाणारी रेघ दाखवली. उंच पट्टीतले आवाज कमी झालेत, गेलेलं परत येणार नाही, आहे ते सांभाळा. कानाचं यंत्र घ्या आणि बंदुकीपासून लांब राहा. आबांनी सगळं ऐकून घेतलं आणि बाहेर आल्यावर मला सांगितलं की यंत्राची अजून वेळ आलेली नाही. कानांवर बसवायचे मोठे डबे होते क्लबात, पण ते घातले की स्वतःच्या काळजाची धडधड ऐकू येते आणि नेम हलतो, ही त्यांची तक्रार. मग त्यांनी मधला मार्ग काढला. कान झाकायचे नाहीत, आवाजच कमी करायचा.

तर ओजस, तू आज ज्याच्यात अडकला आहेस त्याच्यात आम्ही तो सबंध हिवाळा अडकलो होतो, आमच्या जेवणाच्या टेबलावर.

सुरुवातच चुकली. आबा साध्या हिशेबाने गेले. वजनाने कमी गोळी, तर आवाजही कमी असणार. क्लबाकडून त्यांनी सगळ्यात हलक्या गोळ्यांचा डबा घेतला. त्या रविवारी धुळ्याला अशी थंडी होती की सतरंजीवर दव गोठल्यासारखं पांढरं दिसत होतं. पहिल्या गोळीबरोबर माळावर असा काही कडाका उठला की टेकडीवरचे होले पक्षी एकदम उडाले आणि बराच वेळ खाली उतरले नाहीत. नाना कापूस काढून म्हणाले, "आबा, ही गोयी शे का फटाका शे?"

घरी आल्यावर मी चष्मा लावून डब्यांवरचं बारीक इंग्रजी वाचायला बसले. ते काम पहिल्यापासून माझ्याकडे. औषधांच्या चिठ्ठ्या, मिक्सरची माहितीपत्रकं, विम्याचे कागद, सगळं मीच वाचते आणि नीट लावून ठेवते. प्रत्येक डब्यावर गोळीचं वजन होतं आणि वेग होता. जिचं वजन कमी तिचा वेग जास्त. मग हळूहळू उलगडलं. बंदुकीचे आवाज दोन. एक नळीच्या तोंडाशी दारू पेटते त्याचा, दुसरा गोळीचा स्वतःचा. गोळी आवाजाच्याही पुढे पळायला लागली की हवा फाटते. गाडीवान बैलांच्या पाठीला न लावता आसूड नुसता हवेत ओढतो आणि फाडकन वाजतो, तो वाजतो तो याच कारणाने, आसुडाचं टोक आवाजाला मागे टाकतं. तुझा तो डबा पहिला आवाज गिळतो. दुसऱ्याला तो काही करू शकत नाही. त्यासाठी गोळीच आवाजाच्या मागे राहणारी हवी. आणि हळू जाणाऱ्या गोळीत जोर राहायचा तर ती अंगाने जड हवी. आपल्याकडे तो डबा कोणाला बाळगता येत नाही, पण आबांच्या रायफलची नळी लांब आणि दारू थोडी, त्यामुळे पहिला आवाज मुळातच बेताचा. म्हणजे प्रश्न उरला गोळीचा.

मला सगळ्यात नवल वाटलं ते एका गोष्टीचं. आवाजाचा वेग कायम सारखा नसतो. थंड हवेत आवाज हळू चालतो. म्हणजे दुपारच्या उन्हात जी गोळी आवाजाच्या मागून निमूट जाते, तीच पहाटेच्या गारठ्यात त्याच्या पुढे निघते आणि कडाडते. गोळी तीच, रायफल तीच, बदलते ती हवा. हे वाचलं त्या दिवशी मी बराच वेळ तळ्याकडे बघत बसले. आपल्या खानदेशात उन्हाळा असा की पत्र्याला हात लागला तर फोड यावा, आणि हिवाळा असा की बोटं सुईत दोरा ओवायला नकार देतात. म्हणजे वैशाखात मी हाक मारते ती लवकर पोचते आणि पौषात मारते ती रेंगाळत जाते. इतकी वर्षं मी घरातल्या घरात हाका मारत होते आणि हे मला ठाऊक नव्हतं.

मग वसंतभाऊ आले. सराफ बाजारात त्यांची पेढी, आबांचे पत्त्यांतले जोडीदार. आबांना काडतुसांचं वजन करून बघायचं होतं, कारण एकाच डब्यातल्या काडतुसांतही केसभर फरक असतो आणि त्या फरकाने नेम सरकतो. काडतुसं घेऊन सोन्याच्या दुकानात जाणं शक्य नव्हतं, दारावरच्या रखवालदाराने काय केलं असतं देव जाणे. म्हणून वसंतभाऊच पेढीवरचा छोटा काटा पिशवीत घालून आमच्याकडे आले. टेबलावर पंखा बंद, खिडक्या बंद, काट्याला वारा लागता कामा नये. एकेक काडतूस चिमट्याने उचलून ते काट्यावर ठेवायचे, आकडा सांगायचे, आणि मी ते माझ्या मिसळणाच्या डब्यातल्या वाट्यांत लावायची. मोहरीच्या वाटीत सगळ्यात हलकी, हळदीच्या वाटीत मधली, मेथ्यांच्या वाटीत जड. डबा अर्थातच घासून कोरडा केला होता. वसंतभाऊंनी आधी काट्याकडे आणि मग माझ्याकडे बघून विचारलं, "वहिनी, याला घडणावळ किती लावू?" आणि निघताना, उद्या चुकून फोडणीला घालू नका, एवढं सांगून गेले.

आबा तेव्हा हसले नाहीत. मला वाटलं, काट्याकडे लक्ष होतं म्हणून.

पुढचे रविवार एकात एक मिसळून गेले आहेत. एका जातीची गोळी सकाळी कडाडायची आणि चहाच्या वेळेपर्यंत ऊन तापलं की गप्प व्हायची, नानांनी तिचं नाव सासुरवाशीण ठेवलं होतं. सगळ्यात जड जातीची गोळी लांबुडकी. तिचा आवाज अगदीच कमी, पण कागदावरची भोकं विचित्र, गोल नव्हे तर लांबट, जणू कोणी करंगळी आडवी खुपसली आहे. नळीच्या आत पिळासारखे आटे असतात, ते गोळीला भोवऱ्यासारखी फिरवत सरळ पाठवतात. आबांच्या वडिलांच्या रायफलचे आटे जुन्या, आखूड गोळीसाठी काढलेले. इतकी लांब गोळी त्यांना पेलेना, ती वाटेतच कोलमडून आडवी व्हायची. म्हणून ओजस, तुला माझं एवढंच सांगणं आहे, की जड गोळी घे, पण आधी तुझ्या नळीचा पीळ किती ते बघ. डब्यावरच्या जाहिरातीला विचारू नकोस. कागदावरचं भोक गोल आलं की ती तुझी गोळी. आणि तोंडाशी डबा असला तरी कान झाक.

शेवटी एक जात सापडली. मधल्यापेक्षा जड, सगळ्यात जड नव्हे. थंडीतही आवाजाच्या मागे राहणारी. तिची काडतुसंही वजन करून मेथ्यांच्या वाटीतलीच घेतली.

त्या सकाळचं ऊन मला अजून दिसतं. पिवळं, पातळ, ताकावरच्या पाण्यासारखं. माळावर आम्ही तिघंच होतो. आबा सतरंजीवर पालथे पडले, गाल दस्त्यावर टेकला, आणि मी नेहमीसारखे खांदे आवळून धडाक्याची वाट बघत राहिले. धडाका झालाच नाही. कोणीतरी जाड पुस्तक मिटावं तसा एक आवाज आला, आणि मग, जरा थांबून, लांब बंधाऱ्यात थप्. गोळी मातीत शिरल्याचा आवाज मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकला. इतकी वर्षं तो तिथेच होता, कडाक्याखाली दबलेला. होल्यांचं घुमणंसुद्धा थांबलं नाही. मला इतका आनंद झाला की मी विणकाम खाली ठेवून उभी राहिले.

आबा हलले नाहीत. नळी समोर धरून तसेच पडून राहिले. नवशिक्यांना ते पहिल्या दिवशी जो नियम शिकवायचे तोच पाळत होते. चाप ओढला आणि आवाज झाला नाही, तर हलायचं नाही. काडतूस कधी कधी उशिरा पेटतं. आणि आवाज रोजच्यापेक्षा वेगळा आला, तर पुढची गोळी भरायची नाही. आधीची नळीतच अडकलेली असू शकते, आणि तिच्यामागून दुसरी गेली तर नळी फुटते, आपल्या चेहऱ्याशी. म्हणून प्रत्येक गोळीचा आवाज कानांनी तपासायचा. हे सांगताना ते स्वतःच्या कानाच्या पाळीला हात लावायचे.

बऱ्याच वेळाने त्यांनी डावा हात वर केला. "नाना, गोळी निघाली नाही."

नानांनी माझ्याकडे बघितलं. मग ते त्यांच्या शेजारी वाकले आणि एखाद्या लहान मुलाशी बोलावं तसं म्हणाले, "गयी ना आबा. धूय उडनी ना तठे," आणि बंधाऱ्यावर धूळ उडाली होती तिकडे बोट केलं.

आबांनी खटका मागे ओढला. रिकामं काडतूस बाहेर उडून सतरंजीवर पडलं. ते त्यांनी उचललं, नाकाशी नेलं, आत डोकावून पाहिलं. नानांना नळीतून आरपार बघायला लावलं. नळी स्वच्छ होती. मग त्यांनी आणखी एक काडतूस भरलं, डोळे कागदावर ठेवले, आणि मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. पुस्तक मिटलं. लांब थप् झालं. त्यांच्या खांद्याला धक्का बसलेला मला दिसला. चेहऱ्यावर काहीच उमटलं नाही.

कडाका होता तोवर त्यांना ऐकू येत होतं. तेवढा मोठा आवाज कोणालाही येईल. त्याच्या भरवशावर ते समजत होते की कान शाबूत आहेत. त्यांना वाचवण्यासाठी आम्ही सगळ्यांनी मिळून आवाज कमी कमी करत आणला, आणि तो जिथे जाऊन थांबला तिथे ते नव्हते.

ते उठले. गुडघे झटकले, रायफल मोकळी करून पेटीत ठेवली. नाना घाईघाईने बोलायला लागले, की पुढच्या वेळी आपण दुसरी जात घेऊ, जरा वाजणारी. आबा म्हणाले, "नियम मी केलेला आहे नाना. तो मलाही आहे."

परतताना गाडी तेच चालवत होते. पारोळा गेलं. हरभऱ्याच्या शेतांवर ऊन चढलं होतं. एरंडोलच्या अलीकडे मी विचारलं, किती दिवस झाले. त्यांनी रस्त्यावरची नजर न काढता उत्तर दिलं.

"सईचा आवाज दिवाळीपासून येत नाहीये."

मी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. ते पुढे म्हणाले, ओठ हलताना दिसतात, हसते तेव्हा कळतं. काय म्हणाली असं दर वेळी विचारलं तर पोर फोन करायचा कंटाळा करेल.

म्हणजे सई, रागावलं कोणीच नव्हतं. ते तुला घाबरले होते.

दुसऱ्या दिवशी आम्ही त्याच डॉक्टरांकडे गेलो. यंत्र बसायला काही दिवस गेले, सवय व्हायला आणखी. सुरुवातीला त्यांना सगळ्याचाच त्रास व्हायचा. वर्तमानपत्राच्या पानांचा, चमच्यांचा, शेजारच्या कुकरचा. तुझा फोन आला तेव्हा ते तुला तीन वेळा "परत सांग" म्हणाले आणि तू तिन्ही वेळा सांगितलंस, शाळेतल्या कसल्या तरी नाटकाबद्दल होतं. तुला ते आठवत नसेल. फोन झाल्यावर ते आत जाऊन तोंड धुऊन आले.

क्लबात ते अजून जातात. नेमबाजी शिकणाऱ्या मुलींच्या मागे खुर्ची टाकून बसतात, दुर्बिणीतून कागद बघतात आणि भोकं गोल येतात की नाही ते सांगतात. यंत्र काढून खिशात ठेवतात आणि वरून कानांवर डबे चढवतात, काळजाची धडधड ऐकू येते अशी आता तक्रार नाही. रायफल रीतसर जमा केली.

यंत्र बसवलं त्या आठवड्यातली एक दुपार मात्र मला सांगायची आहे. मी स्वयंपाकघरात मेथी निवडत होते. हिवाळ्यातली मेथी, कोवळी, मुळांना माती असलेली. हाताला गार लागत होती. मान वर केली तर आबा दारात उभे. कधीपासून उभे होते कोण जाणे. मला वाटलं, चहा हवा असेल.

ते म्हणाले, "तू अजून गुणगुणतेस?"

मला कळेना ते कशाबद्दल बोलतायत. मग म्हणाले, लग्न झाल्यापासून काम करताना तू गुणगुणायचीस, आणि आपला राजू संसार घेऊन तिकडे न्यूझीलंडला राहायला गेला तेव्हापासून ते बंद झालं. मला वाटलं तुझं मन उडालं. विचारलं असतं तर तू रडली असतीस, म्हणून इतकी वर्षं विचारलं नाही.

मी गुणगुणते, हे मला कोणी कधी सांगितलं नव्हतं. मी त्यांना म्हटलं, अहो, मी बंद केलंच नसणार. त्यांनी मान हलवली, पण तिथून हलले नाहीत. मी पुन्हा मेथीची जुडी हातात घेतली, पानं खुडायला लागले, आणि इतका वेळ काय म्हणत होते ते आठवून पाहिलं. चाल आठवेना. ते दाराच्या चौकटीला टेकून, यंत्राचा कान माझ्याकडे करून, वाट बघत उभे होते.